जिवंत माणसाला पिठलं-भाकरी

पानं गळायला लागली आणि पाट्या उगवल्या. मिशिगनमध्ये या दोन गोष्टी एकाच सुमारास होतात, हे मागच्या खेपेला आलो तेव्हा कळलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली. मुलाच्या घराच्या पुढच्या खिडकीत बसलं की समोरचं मेपलचं झाड दिसतं. ते असं लाल होतं की पहिल्यांदा मला वाटलं, झाडाला रोग लागला. त्या झाडाखाली, समोरच्या माणसाच्या हिरवळीत, तारेच्या दोन पायांवर पाट्या उभ्या आहेत. निळ्या, लाल, एक पिवळी. मला इंग्रजी वाचता येत नाही. चौथी झालो, तीही मास्तर आठवड्यातून चार दिवस शेतावर असायचे तेव्हाची चौथी. पण एक नाव मला न वाचता ओळखता येतं. झेडनं सुरू होतं, पोटात आणखी एक झेड आहे, आणि लांबी अशी की पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते नाव मी चार दिवस शोधतो आहे. या गल्लीत नाही. खालच्या गल्लीत नाही. चर्चच्या वळणावर पाट्यांचं नुसतं रान माजलंय, तिथंही नाही.

सूनबाई म्हणाली, "बाबा, मी गूगल करून सांगते ना. टू मिनिट्सचं काम आहे."

"नको."

"अहो, पण का?"

"नको म्हटलं ना."

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "यार, तू तरी समजाव." माझा मुलगा अजित मला समजवायच्या भानगडीत पडत नाही. तेवढा शहाणा आहे तो.

आता माझं म्हणणं असं. माणूस आहे की गेला, हे यंत्राला विचारायची गोष्ट नाही. आणि दुसरं म्हणजे, त्या माणसाला मी एकदा पाटीवरून मारून बसलो आहे. पाटी होती म्हणून गेला असं धरलं. आता पाटी नाही म्हणून काय धरायचं? सूनबाई सांगते की सत्तरी ओलांडल्यावर इथं जज्जाला उभंच राहता येत नाही. म्हणजे पाटी नसण्याला काही अर्थच उरला नाही. माझं डोकं चालत नाही ते इथं.

त्याचं आडनाव मला आजही म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मी त्याला जजसाहेब म्हणायचो.

ओळख झाली ती आगीमुळे. त्या वर्षी मी पहिल्यांदाच आलो होतो. हिचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, घरात मी एकटा, तेव्हा अजित म्हणाला या सहा महिने. आलो. आणि बघतो तर काय, हे लोक झाडाखालचं सोनं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि सरकारची गाडी येऊन ते घेऊन जाते. आमच्या मावळात पालापाचोळ्यासाठी बायकांची भांडणं होतात. पालापाचोळा, शेण, काटक्या वावरात पसरून आम्ही राब भाजतो, आणि त्या राखेत भाताचं रोप असं हिरवंगार उठतं की बघत राहावं. मी मागच्या अंगणात पानांचा चांगला कमरेएवढा ढीग केला आणि दिली काडी लावून. काय वास सुटला! डोळे मिटून उभा राहिलो तर थेट माझ्या बांधावर. डोळे उघडले तर समोर लाल बंब, आणि हेल्मेट घातलेली तीन माणसं माझ्याकडे अशी बघत होती की मीच पेटलोय.

कोर्टात जावं लागलं. मी उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढलो नव्हतो. आमच्या गावात बांधाच्या तक्रारी मी पंच म्हणून मिटवलेल्या आहेत, पारावर बसून. अजित वाटेत सारखा सांगत होता, "बाबा, ते काहीही विचारू देत, तुम्ही फक्त गिल्टी म्हणा. संपलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माझं चुकलं."

"चुकलं कुठं माझं?"

"बाबा, प्लीज."

वर काळा झगा घातलेला, पांढऱ्या मिशांचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. समोर लाकडी पाटीवर ते दोन झेडांचं नाव. त्यानं विचारलं. मी मराठीत सांगितलं, "पेटवलं मी. गुन्हा केला नाही." अजितनं काय सांगितलं देव जाणे, पण तो माणूस पुढं वाकला आणि प्रश्न विचारायला लागला. पानं का जाळता? कुठल्या पिकासाठी? पावसाआधी की नंतर? राख किती दिवस ठेवता? तुमचे वडील असंच करायचे का? आणि त्यांचे वडील? मागं दंड भरायला आलेल्या लोकांची रांग होती, ती उसासे टाकायला लागली. एक बाई घड्याळ बघून मोठ्यानं काहीतरी बोलली. जज्ज आपला विचारतोच आहे. शेवटी म्हणाला, या गृहस्थांना पानं आवडतात असं दिसतं. दंड नको. जुन्या दफनभूमीत पानं फार पडतात. पुढचे काही शनिवार तिथं येऊन गोळा करा. जाळू मात्र नका.

मला शिक्षा झाली की मान मिळाला, हे घरी येईपर्यंत कळेना. अजूनही म्हणाल तर नीट कळलेलं नाही.

पहिल्या शनिवारी सूनबाईनं गाडीतून नेलं. ही माझी सून मेघना, पुण्याची, कॉम्प्युटरमध्ये आहे. बोलते निम्मं इंग्रजी पण मनानं चांगली. ती कॉफीचा मोठा पेला घेऊन बाकावर बसली आणि मी दाताळं घेऊन कामाला लागलो. थोड्या वेळानं एक जुनाट विजार घातलेला म्हातारा आला. तोच जज्ज. मला वाटलं, काम बघायला आला. मी मुद्दाम पाठ फिरवली आणि झपाझप हात चालवायला लागलो. मागून खस खस आवाज यायला लागला. वळून बघतो तर त्याच्याही हातात दाताळं.

"मेघना, हा काय करतोय?"

"बाबा, ते पण पानं गोळा करतायत."

"न्यायाधीश?"

"हो. दर शनिवारी येतात म्हणे. व्हॉलंटियर."

"त्याला कुणी शिक्षा केली?"

तिनं ते त्याला सांगितलं वाटतं. असा हसला की दाताळ्याला धरून उभा राहिला. मला राग आला. मग मी त्याच्यापुढं जायचं ठरवलं, तोही काही मागं राहणारा नव्हता, आणि दुपारपर्यंत आम्ही दोन म्हातारे माणसांच्या डोक्यावरून, म्हणजे पुरलेल्या माणसांच्या, एकमेकांशी शर्यत लावल्यासारखे पानं ओढत होतो.

पानं झाली की तो बादलीत पाणी घेऊन दगड धुवायचा. मऊ ब्रशनं, बाळाला अंघोळ घालावी तसा. शेवाळ निघालं की खालून नाव वर यायचं. मग ते तो मोठ्यानं वाचायचा. रोज कोर्टात बसून जिवंत माणसांची नावं पुकारणारा माणूस सुट्टीच्या दिवशी मेलेल्यांची नावं पुकारतो, हे काय प्रकरण आहे? मी विचारलंच. सूनबाई मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होती.

त्यानं सांगितलं ते असं. त्याचा आजा पोलंडमधून आला. आधी कोळशाच्या खाणीत, मग इथं ओतशाळेत. ज्या गावाहून आला ते गाव होतं तिथंच राहिलं, पण त्याच्यावरचं राज्य बदलत गेलं, त्यामुळे आजा कुठला हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बाप मोटारींच्या कारखान्यात. हा स्वतः दिवसा त्याच कारखान्यात दारं बसवायचा आणि संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकला. जज्ज झाला. बायको वारली. मुलं लांब. मग त्याला हा नाद लागला, या भागात कोण कोण आलं, कुठून आलं, कशासाठी आलं, ते गोळा करायचं. लोकांच्या घरी जाऊन विचारतो. पुस्तकं छापतो, पातळशी, स्वतःच्या खर्चानं.

"कोण वाचतं?" मी विचारलं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, असं नाही विचारू."

"विचार तू."

तो म्हणाला, "ज्यांची नावं आहेत ते वाचू शकत नाहीत. ज्यांना वाचता येतं त्यांना वेळ नाही." आणि पुन्हा ब्रश घेऊन बसला.

एका शनिवारी तो मला घरी कॉफीला घेऊन गेला. दफनभूमीच्या पलीकडे विटांचं छोटं घर. आत पुस्तकं आणि फोटो, बसायला जागा नाही. म्हणून मला घर माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

झालं असं की ऑक्टोबर सरत आला तसं आमच्या गल्लीत लोकांनी अंगणात थडगी मांडायला सुरुवात केली. खोटी, पुठ्ठ्याची. झाडाला हाडांचे सापळे लटकवले. मी सूनबाईला विचारलं, ही काय रीत? ती ऑफिसला निघता निघता म्हणाली, "हॅलोवीन आहे बाबा, डोन्ट वरी, इट्स फन." मला फन वगैरे कळलं नाही. मी समजलो की यांचा हा पितरांचा महिना असणार. आमच्याकडे भाद्रपदात असतो, यांचा पानं गळतात तेव्हा. बरोबरच आहे, मला पटलं. आणि एका सकाळी फिरायला निघालो तर समोरच्याच्या अंगणात, पुठ्ठ्याच्या थडग्यांच्या मधोमध, नवी पाटी. पांढऱ्यावर काळं. दोन झेड.

पुढच्या घरी तीच पाटी. त्याच्या पुढच्या घरी तीच.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता? आमच्या स्टँडवर माणूस गेला की संध्याकाळच्या आत फोटोचा बोर्ड लागतो, भावपूर्ण श्रद्धांजली. इथं फोटो लावत नसतील. मोठा माणूस होता, गावानं घरोघरी पाटी लावली. परवाच तर पानं ओढत होता. मी तसाच माघारी फिरलो.

घरात कुणी नव्हतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, भावकीनं पिठलं-भाकरी न्यायची असते. त्याची भावकी कुठं होती? बायको नाही, मुलं विमानानं कधी येणार. या गोऱ्यांना ही रीत ठाऊक नसणार. मग मीच. तांदळाचं पीठ होतं, उकड काढून भाकरी थापल्या. भाजायला लागलो तर छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं, त्याला टॉवेलनं वारा घातला. पिठलं केलं घट्ट, लसूण घालून. स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलं, टोपी काढून ठेवली, आणि चालत निघालो. अशा वेळी वाटेत कुणाशी बोलायचं नसतं. कुणी बोलायला नव्हतंच. या देशात रस्त्यानं कुणी चालतच नाही.

त्याच्या घरी माणसं जमलेली नव्हती, तेव्हाच शंका यायला हवी होती. मला उलट भरून आलं. एवढा माणूस आणि दारात कुणी नाही. बेल वाजवायची की नाही कळेना. दुःखाच्या घरात हाक मारत नाहीत. उभा राहिलो नुसता, खाली मान घालून.

दार उघडलं. जजसाहेबानंच.

मी डबा पडू दिला नाही एवढंच. तो हसून काहीतरी म्हणाला. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. मी त्याच्या दंडाला हात लावून बघितला. मग माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, आणि बोललो असतो तरी त्याला काय कळलं असतं. त्यानं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सूनबाईला ऑफिसात फोन केला.

ती धावत आली. "बाबा! काय झालं?"

"हा मेला नाही."

"कोण?"

"हा."

"बाबा, ते कशाला मरतील?"

मी पाट्यांचं सांगितलं. पितरांच्या महिन्याचं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलायला लागले. मी म्हटलं, हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस. तिनं त्याला सांगितलं. मला वाटलं, आता हा पण हसणार. हा नाही हसला. त्यानं डबा उघडला आणि विचारलं, "म्हणजे हे माझ्यासाठी आहे? मी मेलो म्हणून?"

"हो."

"आणि मी मेलो असतो तर हे कुणी खाल्लं असतं?"

त्यानं ताटली घेतली. भाकरी हातानं मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. परत घेतली. लसणानं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबला नाही. खाता खाता प्रश्न चालूच, सवयच ती. कोण आणतं? किती दिवस? आणखी काय करत नाहीत? मी सांगितलं, नेलेला डबा त्या घरातून रिकामा परत येतो, एरवी शेजारचं भांडं कुणी रिकामं धाडत नाही. आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. तसंच न बोलता निघायचं. एरवी आम्ही कुठूनही निघालो तरी 'येतो' म्हणतो.

तो म्हणाला, आमच्यात उलटं. आमच्यात ज्याच्या घरचा माणूस गेला तोच गावाला जेवू घालतो. कुणाचं बरोबर, हे दोघांनाही ठरवता येईना, आणि आमच्यातला एक जण तर न्यायाधीश.

मग पाट्या कसल्या? तर म्हणे, मतांच्या. निवडणूक आहे. लोकांनी मत दिलं तर पुन्हा जज्ज.

"न्यायाधीश मत मागतो?" मी उठून उभा राहिलो. "मग ज्यांनी मत दिलं नाही त्यांना न्याय कसा देणार?"

सूनबाई म्हणाली, "बाबा, हे मी नाही विचारणार." पण माझा चेहरा बघून त्यानंच विचारलं काय म्हणतायत, आणि तिला सांगावं लागलं. तो म्हणाला, "जज्ज झाल्यापासून हे मी स्वतःला विचारतोय. तुम्ही पंच होतात ना, तुम्ही काय करायचात?" मी म्हटलं, मला कुणी मत दिलं नव्हतं. मी नुसता पारावर बसायचो, आणि लोक येत गेले.

घरी आलो आणि खरी भीती मग बसली. जिवंत माणसाच्या घरी मी मयताचं अन्न नेलं होतं. तेही ऐन निवडणुकीच्या तोंडावर. यापेक्षा मोठा अपशकुन कुणी करू शकेल? अजितला बोललो तर म्हणाला, "बाबा, अमेरिकेत अपशकुन चालत नाही." हे काय उत्तर झालं?

मतदानाच्या आधीच्या शनिवारी आम्ही दफनभूमीत गेलो. त्याच्या विरुद्ध उभा असलेला तरुण वकील दारोदार फिरत होता, आमच्याही दारात येऊन गेला, सोपं नाव, सरळ दात. आणि हा? हा काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या घेऊन थडग्याथडग्यावर ठेवत होता. त्यांच्या लोकांत त्या दिवसांत तसं करतात म्हणे. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी हा एकटा. सूनबाई हळूच म्हणाली, "ही शुड बी कॅम्पेनिंग, यार. लोक ऑलरेडी म्हणतात, दंड भरायला गेलं तर हा पणजोबांचं नाव विचारतो." मला त्याला ओढून न्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी काड्यापेटी घेतली आणि मागून मेणबत्त्या पेटवत गेलो. निदान हे पेटवायला तिथं मनाई नव्हती.

तो पडला. अजितनं सकाळी चहा घेताना सांगितलं, सहज, पाऊस पडला म्हणावं तसं. मी चहा तसाच ठेवला.

दोन-तीन दिवसांनी खिडकीतून बघतो तर जजसाहेब चालत येतोय. रस्त्यानं, चालत. हातात माझा डबा. डबा रिकामा असला तर? तो सगळं लक्षात ठेवणारा माणूस. रिकामा डबा देऊन, एक शब्द न बोलता निघून गेला तर मी काय करणार होतो?

डबा त्यानं टेबलावर ठेवला. झाकण उघडायचा मला धीर होईना. सूनबाईनं उघडलं. आत खसखशीचा केक, वळकटीसारखा, काळा-पांढरा. स्वतः केला होता, एका बाजूनं करपवलेला. मी तिला म्हटलं, विचार, माझ्या भाकरीमुळे पडला का?

ती म्हणाली, "बाबा, असं कसं विचारू?"

"विचार."

त्यानं ऐकलं. कोर्टात वाकला होता तसाच पुढं वाकला. म्हणाला, "ज्यांनी मला मत दिलं नाही, त्यांच्यापैकी एकानंही तुमची भाकरी खाल्ली नव्हती. खाल्ली ती मी एकट्यानं. आणि मी माझं मत मलाच दिलं."

हा निकाल झाला, हे मला कळतं. पण सुटलो की नाही, ते कळलं नाही. अपशकुन पुराव्यावर चालतो का?

केक खाल्ला, कॉफी झाली. उठला. दारात गेला, वळला, आणि त्या जाड मिशांतून, जीभ अडखळत, घरी घोकून आल्यासारखा म्हणाला, "येतो."

त्यानंतर थंडी पडली, बर्फ आलं, माझी तिकिटं झालेली होती, मी गेलो. तो आला नाही. सहा वर्षं झाली, आला नाही. पण 'येतो' म्हणून गेलेला आहे. मग त्याला गेला कसं म्हणायचं? आणि गूगलला कसं विचारायचं?

आज सकाळी डबा काढला. तोच. म्हटलं, जाऊन बघावं. पण न्यायचं काय? गोड करून नेलं आणि दार परक्या माणसानं उघडलं तर? पिठलं-भाकरी नेली आणि पुन्हा त्यानंच उघडलं तर? ओट्यापाशी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. मग आठवलं, त्यानं ती खाल्ली होती. जिवंतपणी, मागून घेऊन. तेव्हापासून आमच्या दोघांत ते सुतकाचं अन्न राहिलेलं नाही. असला तर आवडीनं खाईल. नसला तर रीत होईल. दोन्हीला चालेल असं एवढंच एक जेवण मला करता येतं.

भाकरी थापल्या. छताचं यंत्र किंचाळलं. लसूण थोडा कमी घातला. टोपी काढून ठेवली होती, ती पुन्हा घातली.

सूनबाई वरून ओरडली, "बाबा, कुठे निघालात? थांबा, मी ड्राइव्ह करते!"

"चालत जातो."

"अहो, पण..."

"येतो," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.